वेल्डिंगची ठिणगी आणि मोटारीचा मेंदू

श्रोतेहो, वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेल्डिंगचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. पण १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात ही प्रथा सुरू केली ती ज्ञान चार माणसांत वाटावे म्हणून. आणि गॅरेजातले ज्ञान हेही ज्ञानच आहे. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्या हौद्याला तडा जातो, फाळक्याची बिजागरी तुटते आणि मग वेल्डरकडे गाडी लागते. या कामगारांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून हा विषय मी घेतला.

१९५४ साली जमशेदपूरला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधायला घेतले, त्या काळच्या गाडीत विजेचे सामान ते किती? बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, भोंगा आणि दिवे. तिच्यावर वेल्डिंग मारले तरी बिघडण्यासारखे फार काही नव्हते. आजची गाडी तशी नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. आता डिझेल किती फवारायचे, धुरावर युरियाचे पाणी किती सोडायचे, ब्रेक लावताना चाक घसरते की काय, हे सारे छोट्या पेट्यांतील संगणक ठरवतात. त्यांना आपले कारागीर ‘ईसीएम’ म्हणतात. मी मेंदू म्हणतो. त्यातल्या पुष्कळशा चकत्या अवघ्या पाच व्होल्टांवर चालतात.

आता वेल्डिंगची वीज पाहू. यंत्रातून निघालेला प्रवाह होल्डरमधून रॉडच्या टोकाशी येतो, ठिणगीवाटे लोखंडात शिरतो आणि चिमट्यातून पुन्हा यंत्राकडे जातो. या चिमट्याला आपण ‘अर्थिंग’ म्हणतो, आणि सगळा घोटाळा त्या नावाने केला आहे. वीज जमिनीत गेली, आता कुठेही चिमटा लावला तरी चालेल, असा समज होतो. वस्तुतः ती जमिनीत जात नाही. जिथून निघाली तिथेच तिला परतायचे असते, आणि त्या परतीच्या वाटेत आपली गाडी उभी असते.

काम मागच्या फाळक्याचे आणि चिमटा पुढच्या बंपरला, असे दृश्य नेहमीचे आहे. शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह मग अख्ख्या गाडीतून जातो. चेसिस जाड असते, तिला तो झेपतो. पण मध्ये कुठे बोल्टाचा सांधा गंजलेला असतो, कुठे रंगाचा थर असतो. तिथे अडलेला प्रवाह दुसरी वाट धरतो: चाकाच्या बेअरिंगमधून, नाहीतर सेन्सरच्या दोऱ्याएवढ्या तारेतून. बेअरिंगच्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे कधीतरी चाक गुणगुणू लागते. त्या वेळी वेल्डिंगची आठवण कुणाला असते?

शिवाय झटका असतो तो वेगळाच. ठिणगी चालू असताना वीस-तीस व्होल्ट असतात, ती पडण्यापूर्वी साठ-ऐंशीपर्यंत. चिकटलेला रॉड झटकन उपटला की, नळ एकदम बंद केल्यावर पाइप धडधडावा तसा, विजेचा एक हिसका तारांत उठतो. मेंदू जागच्या जागी जळाला तर निदान कळते. अर्धवट दुखावला तर चार दिवसांनी मनोरच्या पुढे गाडी बंद पडते.

उपाय साधे आहेत. किल्ली काढावी आणि थोडे थांबावे. युरियाचा पंप नळ्यांतले पाणी टाकीत परत ओढतो, त्याला काही मिनिटे लागतात. किती ते गाडीच्या पुस्तकात असते. मग बॅटरीची ऋण तार आधी सोडावी, धन नंतर. कारण धन तार सोडताना पाना चेसिसला टेकला तर, ऋण जोडलेली असल्यास, तिथेच भडका होतो. जोडताना क्रम उलटा. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात हे विसरू नये, आणि नुसता कट-ऑफ स्विच बंद करून समाधान मानू नये. काही तारा त्याला वळसा घालून गेलेल्या असतात. ऑल्टरनेटरचे आणि मेंदूचे प्लग काढावेत. चिमटा मात्र जोडायच्या तुकड्यालाच, रंग-गंज खरवडून, वेल्डिंगच्या जितका जवळ लागेल तितका लावावा. त्याच्या आणि रॉडच्या मध्ये बेअरिंग, पाटे, बिजागरी काही येऊ नये. वेल्डिंगच्या केबली गाडीच्या वायरिंगवर टाकू नयेत. जवळच्या हवेच्या व डिझेलच्या नळ्या ओल्या गोणपाटाने झाकाव्यात. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती ठिणगीपासून लांबच बरी.

नारिंगी केबलींच्या विजेच्या गाडीला रस्त्यावरच्या वेल्डरने हात लावू नये. तारापूरच्या रसायनांचे टँकर ही तर निराळीच गोष्ट: रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा अधिक घातकी, कारण आत वाफ कोंडलेली असते. तो धुऊन, आतला वायू तपासल्याखेरीज रॉड पेटवणे म्हणजे जीव देणे होय.

हे सारे वेल्डरला ठाऊक नसते असे समजू नका. पुष्कळांना ठाऊक असते, वेळ नसतो. मजुरी नगावर, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे, अर्धा तास बॅटरी सोडण्यात गेला तर त्याचे पैसे कोण देणार? आणि मेंदू जळाला की त्याची किंमत मात्र, कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी, त्याच्याच माथी मारतात. एका गॅरेजात एका पोराची दोन महिन्यांची मजुरी अशी कापलेली मी पाहिली. त्याला विचारलेसुद्धा नव्हते. १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेला आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही राखलेला नियम असा, की नुकसानीपोटी कपात करायची तर वस्तू कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली हवी, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले हवे, आणि आधी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. कपात नुकसानीच्या रकमेहून अधिक करता येत नाही.

म्हणून माझे वेल्डर बंधूंना सांगणे असते की, काम घेण्यापूर्वी किल्ली फिरवून डॅशबोर्डवर कोणते दिवे आधीच पेटलेले आहेत ते मालकासमोर पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. बॅटरी सोडण्याची मजुरी बिलात वेगळी लिहा. मालक ती नको म्हणाला, तर तेही त्याच बिलावर लिहून त्याची सही घ्या.