जुन्या बुलेटचं चाक बांधताना
गोव्यात पेडण्याच्या किनारपट्टीवर जुन्या बुलेटचे स्पोक खाऱ्या वाऱ्याने गंजतात. डिचोलीकडे खड्डे रिंगला मार देतात. शेवटी चाक खोलून नव्याने बांधावं लागतं.

एका चाकात 40 स्पोक. गाडीचा भार ते ताणावर पेलतात. जमिनीकडच्या स्पोकांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो, बाकीचे रिंगला धरून असतात. एखादा ढिला राहिला की शेजाऱ्यांवर जास्त ताण येतो आणि ते हबजवळच्या वाकातच तुटतात.

खोलण्याआधी रिंग हबच्या कोणत्या बाजूला किती सरकलेली आहे, ते मोजून लिहावं. घाईत हेच राहतं आणि मग चाक एका बाजूला चालतं. नवे स्पोक बसवल्यावर सगळे निपल, म्हणजे स्पोकच्या रिंगकडच्या टोकावरचे नट, आधी हाताने, मग पाव-पाव फेरा आवळायचे. मग चाक फिरवून रिंगचा आधी वर-खालचा आउट (डगमग) काढावा, नंतर डावी-उजवीकडचा. पान्याने टिचकी मारली की ताणलेला स्पोक टणटणतो, ढिला बद्द वाजतो. निपलबाहेर आलेलं स्पोकचं टोक घासलं नाही, तर ट्यूब गेलीच म्हणून समजा.

किनाऱ्याला स्टेनलेसचे स्पोक बरे, पण निपल पितळीच घ्यावेत. स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे जाम होतात. शे-दोनशे किलोमीटर चालवून ताण पुन्हा तपासावा.