धाब्याचा भार

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार म्हणजे घाटावरचा भाग आणि उत्तरेकडील पूर्णेचे सपाट खोरे म्हणजे घाटाखालचा. भूमी भिन्न असली, तरी जुन्या गावठाणांत मातीच्या सपाट छपरांची, म्हणजे धाब्याची, घरे दोन्हीकडे आढळतात. सिमेंटने व पत्र्याने त्यांची जागा पुष्कळशी घेतली आहे. तथापि उरलेल्या घरांत माणसे नांदत आहेत.

धाब्याची रचना साधी असते. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या वा काड्या, त्यांवर कडुनिंबाचा पाला आणि सर्वांत वर चोपून बसविलेली माती. या कामी खारट माती उत्तम. पाणी लागताच तिचे बारीक कण सुटून छिद्रे बुजवितात आणि तिच्यावर गवतही सहसा रुजत नाही. असे घर वैशाखाच्या उन्हातही थंड राहते.

पुढे धाबे गळू लागते. घरधनी पावसाळ्यापूर्वी नव्या मातीचा थर देतो, गळती थांबते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तेच. जुना थर मात्र कोणी काढीत नाही, आणि घराची ही निगाच अखेर घराच्या मुळावर येते. 3 मीटर लांब व 3 मीटर रुंद अशा खणावर 10 सेंटिमीटर जाडीची माती असली, तर तिचे वजन सुमारे 1,400 किलो भरते. थर दुप्पट झाला की भारही दुप्पट. पावसाचे पाणी मुरले म्हणजे त्याहून अधिक. शिवाय, लाकडाचा असा स्वभाव आहे की, दीर्घकाळ ओझे वाहताना ते ओझे न वाढताही हळूहळू वाकत जाते.

तुळई कशी ठेवली आहे, यालाही महत्त्व आहे. लाकडी पट्टी आडवी धरून दाबली तर सहज वाकते. तीच कडेवर उभी धरली तर वाकत नाही. 10 सेंटिमीटर रुंद व 20 सेंटिमीटर उंच अशी तुळई आडवी टाकली, तर त्याच भाराखाली ती चौपट वाकेल. जुने सुतार हे गणिताविना जाणत.

कधी दोष अन्यत्रही असतो. भिंतीत दडलेले तुळईचे टोक ओलीने कुजते, वाळवी लाकूड आतून पोखरते, अथवा काळ्या मातीत खांबाचा पाया खचतो. म्हणून तुळई ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला तर तेथे सुरीचे टोक खुपसून खात्री करून घ्यावी.

अशा छपराला मराठवाड्यात माळवद म्हणतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या भिंती ढासळल्या, माळवदांची माती खाली आली आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली दगावली.

दुरुस्तीचा आरंभ माती काढण्यापासून व्हावा. पुष्कळ लोक नेमका तो टेकूपासून करतात आणि वरचा भार तसाच ठेवतात. प्रथम घर रिकामे करावे. तुळईखाली तात्पुरते टेकू द्यावेत व ते रुतू नयेत म्हणून खाली रुंद फळी ठेवावी. मग माती थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. त्यानंतर टेकूखाली पाचरी ठोकून तुळई रोज किंचित उचलावी. घाई केल्यास जुने लाकूड तडकते. ते पूर्ववत सरळ होईल, ही अपेक्षाही ठेवू नये. टोक कुजले असल्यास भिंतीलगत, निकोप भागाखाली, दगडी बैठकीवर नवा खांब उभारावा. पोखरलेली तुळई मात्र बदलावीच लागते.

काम संपल्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर पन्हाळीकडे उतार ठेवून द्यावा. तुळईखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून मधला बाक मोजावा आणि तो आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोरी पुन्हा ताणून आकडा पडताळून पाहावा.