किरणोत्साराने मोडलेला स्फटिक तापवल्यावर सावरतो का?

श्रीलंकेतल्या नद्यांच्या गाळात झिरकॉनचे खडे सापडतात. काही पाणीदार, चमकदार. काही मंद, हिरवट, आतून धूसर. दोन्ही झिरकोनियम सिलिकेटचेच आणि दोन्हींचे वय सुमारे ५५ कोटी वर्षे. फरक आहे तो आत अडकलेल्या युरेनियम-थोरियमच्या प्रमाणात. हिरवट खड्यात ते जास्त असते आणि खड्याची रचना आतून मोडत राहते.

युरेनियम-२३८चा अणू शिसे होईपर्यंत आठ अल्फा कण बाहेर टाकतो. अल्फा कण खनिजात दहा-वीस मायक्रोमीटर जातो, पण वाटेत शंभरेक अणूच जागेवरून हलवतो. खरी मोडतोड करते ते मागे उरलेले जड अणुकेंद्रक. कण सुटताना त्याला उलट धक्का बसतो. ते वीस-तीस नॅनोमीटरच सरकते, पण तेवढ्यात हजारावर अणूंची मांडणी विस्कटते. अशी ठिकाणे वाढत एकमेकांना भिडली की स्फटिकाच्या जागी काचेसारखी रचनाहीन अवस्था येते. तिला मेटामिक्ट अवस्था म्हणतात.

या बदलात झिरकॉन सुमारे १८ टक्के फुगतो. घनता ४.७ वरून ४ पर्यंत आणि त्याखालीही उतरते, मोह्स काठिण्य साडेसातवरून सहाच्या आसपास येते. खड्यात युरेनियम थराथरांनी कमी-जास्त असते. एक थर फुगतो, शेजारचा फुगत नाही, आणि ताण पडून कमी बिघडलेल्या थरालाच तडे जातात.

आता उष्णता. तापमान वाढले की अणूंना हालचाल करता येते आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडू लागते. गॅडोलिनाइट हे असेच बिघडलेले खनिज तापवताना एकाएकी उजळून निघते, हे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवले होते.

झिरकॉन थोडाच बिघडलेला असेल, तर आजूबाजूची शाबूत रचना नमुन्याचे काम करते. अर्धवट ढासळलेली भिंत उरलेल्या थरांच्या ओळंब्याने पुन्हा उभारावी, तसे अणू आपापल्या जागी परततात. खडा आकसतो, घनता आणि काठिण्य वाढते.

पूर्ण मेटामिक्ट झालेल्या खड्यात मात्र धरायला नमुनाच उरलेला नसतो. तापवल्यावर त्याचे आधी झिरकोनियम ऑक्साइडचे बारीक स्फटिक आणि रचनाहीन सिलिका असे दोन भाग होतात. सुमारे १२०० अंश सेल्सिअसच्या वर ते एकत्र येऊन पुन्हा झिरकॉन बनतो. पण आता तो एकसंध स्फटिक नसतो, असंख्य सूक्ष्म कणांचा समूह असतो. रासायनिक सूत्र परत आले, काठिण्यही बरेचसे परत आले, तरी मूळ स्फटिकाची अखंड मांडणी आणि पारदर्शकता परत येत नाही. पडलेले तडेही उष्णतेने आपोआप सांधले जात नाहीत.

झिरकॉनमधल्या युरेनियमचे किती शिसे झाले यावरून खडकांचे वय काढणाऱ्यांना हाच फरक उपयोगी पडतो. मॅटिन्सन यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत झिरकॉन ९०० अंशांच्या आसपास दोन-अडीच दिवस तापवतात. कमी बिघडलेला भाग सावरतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्ल जास्त बिघडलेला भाग विरघळवून टाकते. शिसे निसटलेले असते ते बहुधा याच भागातून. तो गेला की उरलेला झिरकॉन खडकाचे वय जास्त विश्वासाने सांगतो. म्हणून अशा खनिजाला उष्णता देण्याआधी ते किती बिघडले आहे हे पाहावे लागते. उष्णतेचा परिणाम त्यावरच ठरतो.