उसाच्या बेटावरचा जावई

सुभाष पंढरीनाथ गुप्ते ३१ मे २००२ रोजी वारले, ते पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. जन्म मुंबईचा, ११ डिसेंबर १९२९चा. ३६ कसोटी सामने आणि १४९ बळी. १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजच्या एकाच डावात १०२ धावांत ९ बळी. दहावा तेवढा वसंत रांजणेंनी नेला. सर गॅरी सोबर्स यांनी पुढे शेन वॉर्नलाही पाहिलं, तरी लेगस्पिनर म्हणून गुप्तेच वरचढ, हे मत त्यांनी सोडलं नाही. असा माणूस आयुष्याची जवळजवळ चार दशकं त्रिनिदादला का राहिला, हे धावफलकांवरून कळत नाही. त्याचं कारण कॅरल, त्यांची पत्नी.

माळशिरसमध्ये बसून त्रिनिदादवर लिहिण्याचा अधिकार काय, असं कुणी विचारील. एक धागा ओढूनताणून आणलेला आहे, तो आधीच सांगून टाकतो: गुप्त्यांच्या वडिलांचं नाव पंढरीनाथ, आणि माउलींची पालखी पंढरीनाथाकडे जाते ती आमच्या तालुक्यातून, नातेपुते-माळशिरस-वेळापूर करत. दुसरा धागा मात्र पक्का आहे, तो उसाचा. भाटघरच्या धरणानंतर नीरा उजव्या कालव्याचं पाणी आलं आणि या मुलखाची रीतच पालटली. सासवडकडचे माळी बागायतदार इथं आले, १९३०च्या दशकात माळीनगरचा कारखाना उभा राहिला, त्याच दशकात चंद्रशेखर आगाशे यांनी श्रीपूरचा उभारला, पुढे अकलूजचा सहकारी कारखाना आला. दिवाळी आली की इथं बोलणं फराळाचं कमी आणि गळीत हंगामाचं जास्त असतं. कॅरिबियन बेटांचा इतिहासही उसानेच घडवला आहे. फरक एवढाच की तिथं ऊस आधी गुलामांनी तोडला आणि गुलामी संपल्यावर कराराने नेलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी.

३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज अशा मजुरांची पहिली खेप घेऊन त्रिनिदादला लागलं. १९१७पर्यंत त्या एका बेटावर सुमारे १ लाख ४४ हजार माणसं गेली. बहुतेक अवध-भोजपूर पट्ट्यातली, कलकत्त्याहून जहाजात चढलेली. त्यांच्या वस्त्या उसाच्या मळ्यांभोवती आणि पोरांचं क्रिकेटही तिथंच. १९५० साली वेस्ट इंडीजकडून खेळणारा पहिला भारतीय वंशाचा खेळाडू सोनी रामाधीन त्रिनिदादचा. गयानात पोर्ट मोरंट नावाच्या एका मळ्याच्या गावाने रोहन कन्हाय, जो सॉलोमन आणि बॅसिल बुचर असे तिघे दिले. क्लाइड वॉलकॉट यांना तर गयानातल्या साखर उत्पादकांनी मळ्यांवरचं क्रिकेट उभं करायला नोकरीवरच ठेवलं होतं. साखर कारखान्याच्या मैदानावरच्या स्पर्धा पाहत मोठं झालेल्या आपल्याकडच्या माणसाला हे चित्र फार परकं वाटू नये.

या बेटांवर भारतीय संघ पहिल्यांदा गेला तो १९५३च्या जानेवारीत. कप्तान सांगलीचे विजय हजारे. संघात माधव आपटे, विजय मांजरेकर, दत्तू फडकर, दत्ता गायकवाड, जयसिंगराव घोरपडे, चंद्रशेखर गडकरी. ड्रेसिंगरूममध्ये मराठी सहज चालत असणार. आणि बालपण सोलापुरात काढलेले पॉली उम्रीगर. त्यांनी त्या मालिकेत ५६० धावा केल्या. आपट्यांनी ४६० केल्या आणि त्यानंतर ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. या अन्यायाचा उलगडा आजवर कुणी नीट केलेला नाही. गुप्त्यांचे बळी २७. वीक्स, वॉरेल आणि वॉलकॉट हे तिघे समोर असताना काढलेले. गुप्त्यांना सगळे ‘फर्गी’ म्हणत, तेही त्रिनिदादच्याच एका लेगस्पिनरवरून. विल्फ फर्ग्युसन त्याचं नाव. १९४८-४९मध्ये तो भारतात खेळून गेला होता. म्हणजे नाव आधी त्रिनिदादचं लागलं आणि माणूस मागून गेला. मालिका भारताने ०-१ अशी गमावली. याच दौऱ्यात गुप्त्यांना कॅरल भेटल्या. पुढे लग्न झालं.

वेस्ट इंडीज नावाचा देश नाही, हे आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांच्याही लक्षात राहत नाही. जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद, गयाना हे आज वेगवेगळे देश आहेत. त्यांचा एक संघ असतो तो केवळ मैदानावर. १९५८ साली त्यांचं एक राजकीय संघराज्य झालं होतं, ते १९६२मध्ये मोडलं. क्रिकेटचा संघ मात्र टिकला. गयाना तर बेटही नाही, ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर आहे. किंग्स्टन ते ब्रिजटाउन हे अंतर सुमारे १९०० किलोमीटर, विमानाने मुंबई-कोलकाता भरेल त्याहून जास्त. त्यामुळे तिथला दौरा म्हणजे समुद्रकिनारी सुट्टी, ही पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांची समजूत. क्रिकेटमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर, मग तो खेळाडू असो, पंच, फिजिओ की समालोचक, जी बायको किंवा जो नवरा जातो, त्याच्या वाट्याला बेटांपेक्षा विमानतळ जास्त येतात. २०२४च्या टी-ट्वेंटी विश्वचषकातलं भारतीय संघाचं शेवटचं वेळापत्रक पाहा: २० जूनला बार्बाडोस, २२ला अँटिग्वा, २४ला सेंट लुसिया, २७ला गयाना, २९ला पुन्हा बार्बाडोस. दहा दिवस, चार देश, पाच सामने. सामान उघडायचं तरी कशाला?

हे झालं बरोबर जाणाऱ्यांचं. मागे राहणाऱ्यांचं गणित वेगळं होतं. त्रिनिदादचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, जमैकाचं साडेदहा. तिथं सकाळी खेळ सुरू व्हायचा तेव्हा इथं रात्रीची जेवणं उरकलेली असत, आणि संपायचा तेव्हा पहाट जवळ आलेली असे. सकाळचं वर्तमानपत्र त्याआधीच छापून निघालेलं. नवऱ्याने शतक काढलं की त्याला चेंडू लागला, हे घरी कळायचं ते उशिरा आणि तारेच्या चार शब्दांत.

१९६२च्या दौऱ्यात चेंडू खरंच लागला. १७ मार्चला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली, दोन शस्त्रक्रिया झाल्या. रक्त द्यायला सर्वांत आधी पुढे झाले ते प्रतिस्पर्धी कप्तान फ्रँक वॉरेल. त्यांच्यामागोमाग पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकला जन्मलेले बापू नाडकर्णी, सोलापूरचे उम्रीगर आणि पत्रकार के. एन. प्रभू. कोलकात्यात बंगाल क्रिकेट संघटना १९८१पासून दर ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेल दिन पाळून रक्तदान शिबिर घेते, ते या उपकाराच्या आठवणीसाठी. उम्रीगरांनी रक्त दिलं आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत ५६ आणि नाबाद १७२ धावा करून वर ५ बळीही घेतले. वय ३६. भारत ही कसोटी हरला, मालिका ०-५ अशी हरला. हरलेल्या सामन्यांतल्या पराक्रमांना आपल्याकडे वाली नसतो, म्हणून सोलापूर जिल्ह्यातसुद्धा ही कामगिरी फारशी कुणाच्या तोंडी नाही.

या दौऱ्यावर गुप्ते नव्हते. असायला हवे होते. डिसेंबर १९६१मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कानपूर कसोटीत त्यांनी एका डावात ५ बळी घेतले होते. त्यानंतरच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलात त्यांच्या खोलीत ए. जी. कृपाल सिंग होते. कृपाल सिंगांनी स्वागतकक्षातल्या तरुणीला फोन करून भेटायला बोलावलं, तिने तक्रार केली. फोन गुप्त्यांनी केला नव्हता. तरीही भारतीय क्रिकेट मंडळाने दोघांनाही बाजूला केलं, आणि ज्या बेटांवर त्यांची गोलंदाजी सर्वांत फुलली होती तिथला दौरा त्यांच्या हातून गेला. वय अवघं ३२, पण त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत. मंडळाने माणूस गमावला, त्रिनिदादला जावई कायमचा मिळाला. माझ्या मते भारतीय क्रिकेट प्रशासनाने केलेल्या चुकांत ही पहिल्या पाचात बसावी. आणि एका परक्या बेटावर नव्याने उभं राहायला त्यांना आधार होता तो पत्नीच्या देशाचा, ही बाब त्यांच्यावरच्या लेखांत एखाद्या अर्ध्या ओळीत उरकलेली असते.

१९७१चा दौरा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. अजित वाडेकरांचा संघ, पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजवर पहिला कसोटी विजय, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावा, सुनील गावसकरांच्या चार कसोटींत ७७४. लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर कॅलिप्सो रचलं. सरदेसाई किंग्स्टनला २१२ काढत होते तेव्हा घरी पाच वर्षांचा मुलगा होता. त्यांच्या पत्नी नंदिनी सरदेसाई पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात समाजशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून नावारूपाला आल्या. विजयी संघाच्या छायाचित्रात अर्थातच सगळे पुरुष आहेत.

१९७६चा दौरा जास्त बोलका. संघ न्यूझीलंडमध्ये असताना २० फेब्रुवारीला गावसकरांना मुलगा झाला. तिथं त्यांना दुखापत झाली, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. तेवढ्यात स्वखर्चाने घरी जाऊन मुलाला पाहून येतो, अशी विनंती त्यांनी केली. संघाचे व्यवस्थापक होते पॉली उम्रीगर. जाणं काही झालं नाही. मुलाचं तोंड दिसलं ते वेस्ट इंडीजहून परतल्यावर. मुलाचं नाव ठेवलं रोहन, पोर्ट मोरंटच्या त्या मळ्यावरच्या कन्हायवरून. त्याच दौऱ्यात किंग्स्टनला अंशुमान गायकवाड ८१ धावांवर कानावर चेंडू लागून रुग्णालयात गेले. दत्ता गायकवाडांचे हे चिरंजीव; बाप १९५३ला गेला होता, मुलगा १९७६ला. भारताचा दुसरा डाव ५ बाद ९७वर संपला, कारण फलंदाजीला उभं राहील असं कुणी उरलं नव्हतं. त्या रात्री बडोद्याच्या घरात काय झालं असेल, हे कुठल्याही पुस्तकात नाही.

आमच्या तालुक्यात हंगामाला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात तेव्हा नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात आणि उचल जोडीला देतात. त्या व्यवहारात शोषण भरपूर आहे, त्याचं कौतुक नाही. पण बाईने केलेला प्रवास हा कामाचाच भाग आहे, एवढं तरी तो व्यवहार मान्य करतो. क्रिकेटमध्ये उलटं. बायको घरी राहिली तर हिशेबात नाही, बरोबर गेली तर लक्ष विचलित करणारी. जानेवारी २०२५मध्ये, ऑस्ट्रेलियात मालिका हरल्यावर, मंडळाने नियम काढला: दौरा ४५ दिवसांपेक्षा मोठा असेल तर कुटुंबाला दोन आठवड्यांपर्यंत बरोबर राहता येईल. संघ हरला की बायकांचे दिवस मोजायचे, ही जुनीच खोड. त्याआधी सात महिनेही झाले नव्हते, बार्बाडोसमध्ये विश्वचषक जिंकल्यावर बेरिल वादळाने विमानतळ बंद पडला होता. रोहित शर्माचा संघ, मदतनीस, कुटुंबीय आणि पत्रकार बेटावर अडकले आणि ४ जुलैला खास विमानाने दिल्लीत उतरले. तेव्हा कुटुंबं बरोबर होती आणि संघ विश्वविजेता होता. हे नियम करताना कुणाला आठवलं नसावं.

त्रिनिदादमधला ऊस आता गेला. ‘कॅरोनी’ ही सरकारी साखर कंपनी २००३मध्ये बंद झाली, हजारो कामगार घरी बसले. सेंट किट्सने २००५मध्ये साखर थांबवली. माळशिरसचा ऊस उभा आहे, पाण्याची भांडणं अंगावर घेत. आपल्या एकपिकी तालुक्याने त्या बेटांकडे क्रिकेटसाठी नाही तरी या कारणासाठी पाहायला हरकत नाही.

एक विनंती करून थांबतो. १९५३, १९६२, १९७१, १९७६ या दौऱ्यांवर गेलेल्या मराठी घरांत अजूनही पोस्टकार्डं, तारा, किंग्स्टनहून आलेली निळी हवाई पत्रं आणि त्यांना गेलेली उत्तरं कपाटात असतील. त्यातल्या बहुतेक बायकांना आज विचारायला उशीर झाला आहे, काहींना अजून झालेला नाही. ती पत्रं रद्दीत घालू नका. एखाद्या ग्रंथालयाला द्या, किमान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा, आणि आजी सांगत असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करा. धावा कुणी किती केल्या ते सगळं छापलेलं आहे.