न दिलेले सूर, न दिलेली चित्रे

तराजूचा काटा सरळ असावा, ही शिकवण जैन व्यापारी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दिली जाते. शेजाऱ्याच्या गोदामातील पोते न विचारता उचलण्याचा विचारही तेथे कोणाच्या मनात येत नाही. मात्र त्याच पेढीची दिवाळीची जाहिरात तयार होताना इंटरनेटवर दिसलेले छायाचित्र आणि लोकप्रिय गीताचे सूर निःसंकोच घेतले जातात. जे सर्वांना दिसते ते सर्वांचे, असा समज त्यामागे असतो. कायद्याला हा समज मान्य नाही.

हक्क कोणाचा?

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. कृती साकार होताच तिचा हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. म्हणून चित्रावर कोणाचे नाव किंवा हक्काचे चिन्ह नसले, तरी ते मोकळे आहे असे गृहीत धरता येत नाही. एका गाण्यात तर तीन स्वतंत्र हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द व चालीचा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो; ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे. पूर्वी मृत्यूनंतरची मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 मध्ये निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क 1991 अखेर संपत आल्यामुळे हा प्रश्न ऐरणीवर आला आणि मुदत दहा वर्षांनी वाढली.

सूट कोठवर?

कलम 52 काही वापरांना मोकळीक देते. खासगी उपयोग, अभ्यास, समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी वाजवी प्रमाणात कृती वापरता येते. तीस सेकंदांपर्यंतचे गाणे चालते, ही समजूत मात्र निराधार आहे. असा कोणताही आकडा कायद्यात नाही. मूळ निर्मात्याचे नाव छापणे हे सौजन्य होय, परवानगी नव्हे.

समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची सूट धार्मिक विधींची. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गीत गाणे वा वाजवणे हा भंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि विवाहाशी निगडित सोहळेही कायद्याने त्यात धरले आहेत. तरीही या सुटीच्या सीमेवर वाद होतात. विवाहसोहळ्यांतील संगीतासंबंधी गोवा शासनाने 2024 च्या जानेवारीत काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. शिवाय ही सूट समारंभापुरती आहे. त्याच सोहळ्याची चित्रफीत गाण्यासह समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करणे, हा वेगळा वापर होय.

व्यापाऱ्याने अधिक जपावे

आजोबांच्या अमृतमहोत्सवाला घरात गाणे लावणे वेगळे आणि दुकानाच्या जाहिरातीला तेच गाणे जोडणे वेगळे. हक्कभंगासाठी कलम 63 अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. भंग व्यापारातील लाभासाठी झालेला नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. म्हणजे ज्या सौम्यतेची आशा इतरांना धरता येते, ती पेढीच्या जाहिरातीला नाही.

मोकळे काय आहे?

वापरण्याजोगे पुष्कळ आहे. शतकांपूर्वीच्या स्तवनाचे शब्द सर्वांचे आहेत. घरच्या मुलीने ते पारंपरिक चालीवर गाऊन ध्वनिमुद्रित केले, तर कोणाचीही अनुमती लागत नाही. एखाद्या गायकाची अलीकडची ध्वनिफीत मात्र त्याला किंवा त्याच्या कंपनीला विचारूनच घ्यावी. वेरूळच्या जैन लेण्यांतील शिल्पांवर कोणाचा कॉपीराइट नाही, पण त्यांचे कोणी टिपलेले छायाचित्र त्या छायाचित्रकाराचे असते. राजा रविवर्मा 1906 मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क केव्हाच संपले आहेत. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाराच असतो. म्हणून मालाची छायाचित्रे स्वतः काढून घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची चित्रेही मिळतात. त्यांत व्यापारी वापराला मनाई आहे का, हे आधी वाचावे. उरलेल्या ठिकाणी दोन ओळींचे पत्र पाठवून लेखी परवानगी घ्यावी आणि ती बिलांच्या फाइलीत जपून ठेवावी.

तिसऱ्या अणुव्रताचे नाव अचौर्य. अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. तत्त्वार्थसूत्राने त्याच्या अतिचारांत चोरून आणलेला माल स्वीकारणे आणि खऱ्याच्या जागी नकली माल देणे हेही गणले आहे. तो विचार मांडला गेला तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हते, छायाचित्र नव्हते. तरीही व्यापाऱ्याला विचारायचा प्रश्न तोच आहे: हे ज्याचे आहे, त्याने ते दिले आहे का? उत्तर होकारार्थी असेल, तर जाहिरात निश्चिंत मनाने प्रसिद्ध करता येते आणि पेढीची पतही अबाधित राहते.