पहिली दहा मिनिटं चुकवू नका!

श्रावणातल्या शुक्रवारची कहाणी आपण सगळ्यांनीच ऐकलीय. भाऊ सहस्रभोजन घालतो, गरीब बहीण पोराबाळांना घेऊन जेवायला जाते आणि भाऊ तिला हाताला धरून बाहेर काढतो. पुढे देवीच्या कृपेनं तिला बरे दिवस येतात. मग तोच भाऊ मानानं बोलावतो. तेच घर, तीच पंगत. बहीण मात्र अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि पानातला एकेक पदार्थ त्यांच्यावर ठेवत जाते. जेवायचं बोलावणं माझं नाहीच, ह्यांचं आहे, असं सुनावते. कहाणीत दोन जेवणं आहेत, म्हणून ती टोचते. नुसतं दुसरंच जेवण असतं तर आपण म्हटलं असतं, काय बाई ताठा!

मैत्रिणींनो, आपले गाजलेले सिनेमेही पुष्कळदा ह्याच रीतीनं रचलेले असतात. सुरुवातीला घडलेला प्रसंग शेवटाकडे पुन्हा येतो, पण आरशात बघावं तसा उलटा होऊन. आपल्याकडे मध्यंतर असल्यानं तर मधोमध घडी घालायची सोयच आहे. गंमत अशी, की टीव्हीवर सिनेमा लागतो तेव्हा आपली पहिली दहा मिनिटं हमखास स्वयंपाकघरात जातात. भांडी आवरून पदराला हात पुसत आपण येतो, तोवर नायिका गाणं म्हणायला लागलेली असते. आणि शेवट ज्याच्याशी जुळायचा, ते नेमकं त्या दहा-पंधरा मिनिटांतच होऊन गेलेलं असतं.

‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ घ्या. 1995 सालचा हा सिनेमा मुंबईच्या मराठा मंदिरात 1000 आठवड्यांहून जास्त चालला. साधारण अर्धा युरोपात, अर्धा पंजाबात. सुरुवातीला सिमरनचे बाबूजी लंडनच्या चौकात कबुतरांना दाणे टाकत गावाच्या आठवणी काढतात. पुढे ते खरोखर गावी येतात आणि तिथंही कबुतरांना दाणे टाकतात, फक्त आता शेजारी राज उभा असतो. लंडनच्या स्टेशनवर सिमरन सुटलेल्या गाडीमागं धावते आणि दारातून राज हात देतो. शेवटी पुन्हा तेच. हा शेवटचा प्रसंग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनवर चित्रित झालाय. पंजाबचं स्टेशन म्हणून आपण जिथं डोळे पुसले, ते पनवेलच्या पुढं आहे!

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरीच जोडी. सुरुवातीला सिमरन वडिलांकडे स्वतःच्याच आयुष्यातला एक महिना मागते आणि ते देतात. शेवटी वडील तिचा धरलेला मनगट सोडतात, तेव्हा ती गाडीकडे धावू शकते. म्हणजे दोन्ही वेळा परवानगी वडिलांचीच. मधे तिची आई दागिन्यांचं गाठोडं पुढं करून पोरांना पळून जा म्हणते, तर राज नको म्हणतो. त्याला वडिलांचा होकार हवा. आईचा होकार होकारात धरलेलाच नाही! फरिदा जलालनं ती आई इतकी सुंदर केलीय, की ही गोष्ट आपल्या ध्यानातच येत नाही. सगळं जग फिरून सिमरन जिथून निघाली तिथंच उभी असते. सिनेमा मला आजही आवडतो, पण शेवटी टाळ्या वाजवताना मन थोडं मागं राहतं.

2012 चा ‘इंग्लिश विंग्लिश’ ह्या बाबतीत जास्त हुशार आहे. गौरी शिंदे पुण्याच्या, त्यांची आई लोणच्यांचा व्यवसाय करायची, आणि त्यातूनच शशी गोडबोले सुचली. शशी लाडू करून विकते. घरच्यांना त्याचं अप्रूप नाही, उलट नवरा चारचौघांत म्हणतो, की ही जन्मलीच लाडू करायला. शेवटी न्यूयॉर्कच्या लग्नातही लाडूच आहेत. ते सांडतात आणि शशी इंग्रजीची परीक्षा सोडून पुन्हा करायला बसते. माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या भाचीला हे अजिबात पटलं नाही. विकत आणायचे की, असं तिचं म्हणणं. मला मात्र तिथं शशी मोठी वाटली. काम तेच, पण आता ते तिला कुणी चिकटवलेलं नाही, तिनं स्वतः निवडलंय. आणि अगदी शेवटी विमानात, इंग्रजी येऊ लागल्यावर, ती हवाई सुंदरीला इंग्रजीतच विचारते, हिंदी पेपर आहे का? सुरुवातीला सकाळी कॉफीचा कप आणि पेपर घेऊन बसलेल्या शशीला दोन निवांत मिनिटं मिळत नाहीत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच हा शेवट पुरता कळेल.

‘सैराट’ची (2016) घडी अंगावर काटा आणणारी. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची पुढं हैदराबादच्या झोपडपट्टीत संसार मांडते. माहेराहून भाऊ भेटी घेऊन येतो तेव्हा ती चहा ठेवते. वडिलांनी मनगट सोडलं नाही तर काय होतं, ते तिथं बघावं. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

ह्या सगळ्यांच्या कितीतरी आधी, 1982 मध्ये, जब्बार पटेलांनी ‘उंबरठा’ केला. शांता निसळांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तेंडुलकरांनी लिहिलेला. स्मिता पाटीलची सुलभा दोनदा घर सोडते. पहिल्यांदा महिलाश्रमाच्या नोकरीसाठी, सगळ्यांची समजूत काढत, मुलीला जावेच्या हवाली करून. काम अर्धवट सोडून परत येते, तर घर तिच्यावाचून चाललेलं असतं. नवरा दुसऱ्या बाईबद्दल सरळ सांगून टाकतो. मग ती पुन्हा निघते. ह्यावेळी ती कुणाचीही परवानगी मागत नाही.

आमच्या बचत गटाच्या बायकांना आम्ही हा सिनेमा सीडी आणून दाखवला होता. मला वाटलं, दुसऱ्या निघण्याला टाळ्या पडतील. टाळ्या नाहीत, काही नाहीत. थोड्या वेळानं धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, पहिल्यांदा गेली तेव्हा यायला घर होतं हो. आता परत कुठं येईल?’’ दुसरी लगेच म्हणाली, ‘‘आणि त्या पोरीचं काय?’’ तिच्यावर तिसरी भडकली, की पोरीचं काय हे नवऱ्याला विचारा ना! मग जी जुंपली, ती अंधार पडेपर्यंत. गटाचे हप्ते त्या दिवशी गोळा करायचेच राहिले.