बँकेंतील खातीं व त्यांचा उपयोग

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु तळें सांचण्यास नुसते थेंब पुरत नाहींत. खालची जमीनहि पाणी धरून ठेवणारी असावी लागते. पैशाचेंहि तसेंच आहे. तो कोठें व कोणत्या रीतीनें ठेवला, यावरून तो वाढेल, नुसता पडून राहील, कीं नाहींसा होईल, हें ठरतें. म्हणून बँकेंतील निरनिराळ्या खात्यांची थोडक्यांत ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

आपला भूम तालुका पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. तेथें हाली शिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजी अमदानींतील सुमारें सहा रुपये. या राज्याची हैदराबाद स्टेट बँक १९४१ सालच्या कायद्यान्वयें स्थापन होऊन १९४२ पासून काम करूं लागली. १९५६ सालीं तिचें नांव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालें व १ एप्रिल २०१७ रोजीं ती स्टेट बँक ऑफ इंडियांत विलीन झाली. नांवें बदललीं, पाट्या बदलल्या. पण ठेवी कायम राहिल्या, कारण जुन्या बँकेचें देणें नव्या बँकेनें आपल्या शिरावर घेतलें.

‘देणें’ हा शब्द येथें ध्यानांत ठेवावा. खात्यांत पैसे ठेवले म्हणजे आपण धनको व बँक ऋणको होते. बँक तेच पैसे इतरांस कर्जाऊ देऊन व्याज मिळविते व त्यांतील कांहीं भाग आपणांस देते. अर्थात् जे पैसे आपण वाटेल तेव्हां परत मागूं, त्यांवर व्याज थोडें किंवा मुळींच नाहीं. जे ठराविक काळ मागणार नाहीं, त्यांवर अधिक. खात्यांचे सर्व प्रकार या एका तत्त्वांतून निघाले आहेत.

आपल्या भागांत खव्याच्या भट्ट्या पुष्कळ आहेत. अशा एखाद्या भट्टीवाल्याचें घर डोळ्यांपुढें आणा. त्याला गवळ्यांस दुधाचे पैसे चुकते करावयाचे असतात व बाहेरगांवच्या व्यापाऱ्यांकडून खव्याचे पैसे यावयाचे असतात. अशा सततच्या उलाढालीसाठीं चालू खातें असतें. त्यांत सामान्यतः व्याज मिळत नाहीं. परंतु देवघेव कितीहि करतां येते, आणि पत असल्यास शिलकेहून अधिक रक्कम उचलण्याची सवलतहि मिळते.

घरखर्चासाठीं बचत खातें योग्य. पूर्वीं महिन्याच्या दहा तारखेनंतर महिनाअखेरपर्यंत जी कमींत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच व्याज मिळे. १ एप्रिल २०१० पासून तें रोजच्या शिलकेवर मोजलें जातें. ज्यांस किमान शिल्लक राखणें जमत नाहीं, त्यांच्यासाठीं मूलभूत बचत खातें आहे. २८ ऑगस्ट २०१४ रोजीं सुरू झालेल्या जनधन योजनेचीं खातीं याच जातीचीं होत.

मुलीच्या शिक्षणासाठीं दरमहा थोडें थोडें सांचवावयाचें असल्यास आवर्ती ठेव बरी. हातीं एकदम रक्कम आली असल्यास मुदत ठेव. समजा, दहा हजार रुपये शेंकडा सहा दरानें एक वर्षासाठीं ठेवले व व्याज दर तिमाहीस मुद्दलांत मिळविलें, तर वर्षाअखेर सुमारें १०,६१४ रुपये होतात. तीच रक्कम चालू खात्यांत पडून राहिली, तर दहा हजारांचे दहा हजारच राहतात. उलट, सर्वच पैसा मुदतींत अडकविला व उद्यां म्हैस आजारी पडली, तर मुदतीपूर्वीं ठेव मोडावी लागून व्याज कमी मिळतें. म्हणून थोडा पैसा हाताशीं असावा.

आतां सुरक्षिततेविषयीं. बँक बुडाली तर काय? ठेवींचा विमा १९६२ सालीं दीड हजार रुपयांपासून सुरू झाला. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेंत प्रत्येक ठेवीदारामागें, व्याज धरून, पांच लक्ष रुपयांपर्यंत ही हमी आहे. विमा उतरलेल्या सहकारी बँकांसहि ती लागू आहे. पतसंस्थांस मात्र नाहीं. दोन टक्के अधिक व्याजासाठीं आयुष्याची पुंजी कोठेंहि ठेवणाऱ्यानें हा भेद आधीं जाणून घ्यावा.

शेवटची गोष्ट वारसाची. खातें उघडतांना नामनिर्देशन अवश्य करावें, व खात्याची माहिती घरांतील माणसांस सांगून ठेवावी. दहा वर्षें हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधींत जमा होते. वारसांचा हक्क बुडत नाहीं, पण खात्याचा पत्ताच ठाऊक नसेल तर हक्क मागणार कोण?

विद्यार्थीमित्रहो, दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलांस बँकेच्या नियमांस अनुसरून स्वतःच्या नांवें बचत खातें चालवितां येतें. तें उघडा. आणि आज घरीं गेल्यावर आजीआजोबांचें पासबुक त्यांस मोठ्यानें वाचून दाखवा. त्यांत पैसे किती, खातें कोणतें व वारस म्हणून कोणाचें नांव आहे, हें त्यांस समजावून सांगा. शाळेंत शिकलेल्या वाचनाचा व गणिताचा याहून चांगला उपयोग क्वचितच होईल.